आधी चौकशी, मग निवाडा

बारडोली हे गाव महाराष्ट्रीय वाचकास सत्याग्रहामुळे ठाऊक असते. १९२८ साली येथील शेतकऱ्यांनी वाढीव सारा भरण्याचे नाकारले, हे आपण सर्वांनी शाळेत पाठ केले आहे. परंतु त्यांनी मागितले काय होते, हे बहुधा कोणी सांगत नाही. त्यांनी सारामाफी मागितली नव्हती. सरकारने सारा २२ टक्क्यांनी वाढवला तो कोणत्या हिशेबाने, याची निःपक्षपाती चौकशी करावी, नपेक्षा जुना सारा घ्यावा, एवढेच त्यांचे म्हणणे होते. अखेर ब्रूमफील्ड व मॅक्सवेल या दोन अधिकाऱ्यांची चौकशी नेमावी लागली, आणि सरकारच्याच त्या अधिकाऱ्यांनी २२ टक्क्यांची वाढ ६ टक्क्यांच्या आसपास आणून ठेवली. ज्या गावाने एका साम्राज्यास ‘आधी चौकशी’ असे बजावले त्याच गावात राहून, विनाचौकशी झालेला एक निवाडा मी गेली काही वर्षे ऐकत आलो आहे. आता गप्प बसवत नाही, म्हणून हा लेख.

निवाडा असा की, व्हिडिओ गेम म्हणजे जुगार.

आमचा येथील समाज लहान. कोणी फोंड्याकडून, कोणी कारवाराकडून, कोणी सावंतवाडी-मालवणाकडून नोकरीधंद्यासाठी सुरत जिल्ह्यात आला आणि येथेच रुजला. देवस्थानचे एक सभागृह आहे, वर्षाकाठी एक गणेशोत्सव आहे, आणि उत्सवाची एक स्मरणिका आहे. २०२४ च्या श्रावणात उत्सवाच्या तयारीची सभा भरली, तेव्हा सात-आठ तरुणांनी, त्यांत दोन मुलीही होत्या, एक अर्ज पुढे ठेवला. उत्सवातील एका दुपारी सभागृहात दोन दूरदर्शनसंच लावून व्हिडिओ गेमचे सामने भरवावेत. प्रवेशमूल्य नको, बक्षीस म्हणून नारळ आणि एक पुस्तक. मी त्या अर्जाचा पुरस्कर्ता होतो. आमचे एक वडीलधारे सभासद, ज्यांना आम्ही सारे काका म्हणतो आणि ज्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल मला यत्किंचितही शंका नाही, ते उठले आणि म्हणाले, “वकीलसाहेब, देवाच्या दारात जुगार नको.” टाळ्या पडल्या. अर्ज फेटाळला गेला.

त्याच सभेत, पुढच्याच विषयावर, स्मरणिकेच्या जाहिरातींची यादी मंजूर झाली. तीत एका ‘ऑनलाइन रमी’वाल्याचे पूर्ण पान होते. पैसे लावा, पैसे जिंका. त्यावर कोणी एक शब्द काढला नाही, कारण पान रंगीत होते आणि दर चांगला होता. सभा संपल्यावर चहा घेताना त्याच काकांनी, मागच्याच आठवड्यातल्या सातम-आठमीला शेजारच्या वाडीत तीन पत्तीचा डाव कसा रात्रभर रंगला, हे मोठ्या कौतुकाने सांगितले. गुजरातेत जन्माष्टमीच्या सुमारास पत्ते कुटण्याची चाल आहे, हे येथे राहणाऱ्यास सांगणे नको. तो ‘शकुनाचा’ जुगार. पोलीस दरसाल त्यावर धाडी घालतात आणि दरसाल तो खेळला जातो. ज्या डावात नोटा मांडल्या होत्या तो शकुन, आणि ज्यात नारळ मांडला होता तो जुगार! मी काकांना तेथेच हे विचारायला हवे होते. विचारले नाही. वडीलमाणसाशी चहाच्या पेल्यावर वाद घालू नये अशी आमच्या घरची शिस्त आहे.

पुढच्या वर्षी प्रकरणाला आणखी एक वळण लागले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये, चतुर्थीच्या अगदी तोंडावर, संसदेने ऑनलाइन गेमिंगविषयीचा नवा अधिनियम संमत केला, आणि २२ ऑगस्टला त्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैशाचे खेळ चालविणाऱ्या मोठमोठ्या कंपन्यांनी दोन-चार दिवसांत आपले डाव आवरते घेतले. आमच्या स्मरणिकेतले ते रंगीत पान आपोआप गळाले. यावर काकांचा मला दूरध्वनी आला. आवाजात विजय होता. “बघा, सरकारनेच गेम बंद केले. आम्ही काय वेगळे सांगत होतो?”

ज्या कायद्याने काकांचे पान बंद केले त्याच कायद्याने मुलांच्या दुपारीस जागा करून दिली आहे, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. त्या अधिनियमाच्या नावातच नियमनाच्या आधी ‘प्रोत्साहन’ हा शब्द आहे. त्याने खेळांचे तीन वर्ग पाडले: ई-क्रीडा, सामाजिक खेळ आणि पैशाचे खेळ. पहिल्या दोहोंस उत्तेजन, तिसऱ्यास बंदी. पैशाचा खेळ चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद व एक कोटीपर्यंत दंड. त्याची जाहिरात करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद व पन्नास लाखांपर्यंत दंड. खेळणाऱ्यास काही नाही, कारण कायद्याने त्यास आरोपी न मानता बळी मानले. म्हणजे शिक्षेचा धाक असलाच तर तो नारळ मांडणाऱ्यांस नसून पान छापणाऱ्यांस आहे. हे मी काकांना समजावून सांगितले. ते म्हणाले, “कायदा तुम्ही कसाही फिरवाल.” तेव्हा कायदा जरा बाजूला ठेवतो आणि शास्त्राकडे जातो, तेथे तरी फिरवाफिरवीचा आरोप होणार नाही.

मनूने द्यूत आणि समाह्वय असे दोन भेद केले: निर्जीव वस्तूंनी खेळतात ते द्यूत, प्राण्यांची झुंज लावून खेळतात तो समाह्वय. दोहोंचे मूळ एकच, ते म्हणजे पण. जेथे पण लावला जातो तेथे राजाने हात घालावा. मनू सरसकट बंदी सांगतो. याज्ञवल्क्य आणि नारद राजाच्या देखरेखीखाली मुभा देतात. कौटिल्य तर द्यूताध्यक्ष नेमतो, खेळ एकाच ठिकाणी चालवतो आणि जिंकलेल्या रकमेवर शेकडा पाच सरकारजमा करतो. (आमच्या सरकारने ऑक्टोबर २०२३ पासून लावलेल्या रकमेवर शेकडा अठ्ठावीस घेतले, कौटिल्य मवाळ म्हणायचा.) परंतु सोंगट्या, बुद्धिबळ, कवड्या यांचा पट मांडून, काही न लावता, दुपार घालविणाऱ्या माणसाची गोष्ट वेगळी. ऋग्वेदातील अक्षसूक्त ज्याच्याविषयी हळहळते तो जुगारी घरदार हरलेला आहे. त्याचे दुःख फाशांचे नाही, पणाचे आहे. युधिष्ठिराने द्रौपदी पणास लावली, त्यात दोष सारीपाटाचा की त्याचा, हे आपण कीर्तनांतून पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो आहोत. मग सारीपाट काचेच्या पडद्यावर आला म्हणजे न्याय का बदलावा?

आधुनिक कायद्याने मधल्या काळात थोडा घोळ घातला, हे मी कबूल करतो. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याने निव्वळ कौशल्याच्या खेळांना सूट दिली, तेव्हापासून सारा वाद ‘कौशल्य की दैव’ या एका प्रश्नाभोवती फिरत राहिला. १९५७ साली चमारबागवाला प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, जुगार हा घटनेने संरक्षण दिलेला व्यापारच नव्हे. १९६७ साली सत्यनारायण प्रकरणात त्याच न्यायालयाने म्हटले की, रमी हा मुख्यत्वे कौशल्याचा खेळ, कारण कोणते पान पडले हे ध्यानात ठेवावे लागते. या एका वाक्यावर पुढे हजारो कोटींचे धंदे उभे राहिले. मात्र त्याच निकालात असेही म्हटले होते की, क्लब त्या खेळातून स्वतःचा नफा काढत असेल तर प्रश्न वेगळा होईल. निकालाचे पहिले अर्धे वाक्य जाहिरातीत आले. दुसरे अर्धे आमच्या स्मरणिकेच्या रंगीत पानावर कोठेही नव्हते. १९९५ साली शिवाणी प्रकरणात कर्नाटकातील व्हिडिओ गेम पार्लरांना परवान्याची सक्ती योग्य ठरली; काही यंत्रांत खेळणारा जिंकूच नये अशी व्यवस्था करता येते, हे न्यायालयाच्या नजरेस आले होते. काकांच्या पिढीच्या मनातली गाठ त्या काळची आहे, आणि ती निराधार नव्हती. पण २०२५ च्या कायद्याने कौशल्य की दैव हा प्रश्नच निकालात काढला. खेळ कौशल्याचा असो, दैवाचा असो, दोहोंचा असो. पैसा लावून पैसा मिळण्याची आशा आहे काय, एवढेच तो विचारतो. इतक्या वर्षांच्या वळणानंतर कायदा मनूच्या ‘पणा’पाशी परत आला, आणि नेमके त्याच वेळी आमचे धर्मनिष्ठ सभासद मनूपासून दूर गेले, ही गंमतच म्हणायची.

आता निवाड्याने काय होते ते पाहा. २०१९ च्या जानेवारीत गुजरातच्या शिक्षण खात्याने ‘पबजी’ या मोबाइलवरील खेळास प्राथमिक शाळांतून हद्दपार करण्याचे परिपत्रक काढले. फेब्रुवारीत गोव्याचे माहिती-तंत्रज्ञान मंत्री रोहन खंवटे यांनी त्या खेळास घरोघरी शिरलेला राक्षस ठरविले. मार्चमध्ये राजकोटच्या पोलीस आयुक्तांनी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १४४ व्या कलमाखाली, म्हणजे जे कलम दंगलीच्या प्रसंगी जमावबंदीस वापरत, त्याखाली, त्या खेळावर बंदी घातली. आणि दहा तरुणांना मोबाइलवर खेळताना पकडले. त्यांत महाविद्यालयातील विद्यार्थी होते. ना पैसा लावला होता, ना कोणास मारले होते. सरकारी हुकूम मोडला, हा गुन्हा.

याच गुजरातेत, त्याच्या अवघे सहा-सात महिने आधी, काय घडले होते? भुजच्या तीर्थ मेहता या तरुणाने २०१८ च्या जकार्ता आशियाई क्रीडास्पर्धांत प्रात्यक्षिक म्हणून भरलेल्या ई-क्रीडेत ‘हार्थस्टोन’ या खेळाचे कांस्यपदक मिळवले होते. ते पदक देशाच्या तक्त्यात धरले गेले नाही, ही गोष्ट वेगळी. कच्छमध्ये पदक आणि सौराष्ट्रात बेडी, ही एकाच राज्यातील एकाच वर्षातली गोष्ट आहे. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ई-क्रीडा रीतसर क्रीडा मंत्रालयाकडे सोपवली. राजकोटच्या त्या दहा जणांकडे दिलगिरी व्यक्त करण्याचे कोणास सुचल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

आणखी एक गोष्ट लिहितो. ती लिहिताना हात जड होतो. राजकोटच्या हुकमानंतर अडीच महिन्यांनी, २४ मे २०१९ रोजी, आमच्या सुरतेत सरथाणा भागातील तक्षशिला इमारतीत आग लागली आणि वरच्या मजल्यावरच्या शिकवणीवर्गातील २२ मुले गेली. पाच वर्षांनी, २५ मे २०२४ रोजी, राजकोटमध्येच एका ‘गेम झोन’मध्ये आग लागून २७ माणसे गेली, त्यांत मुले होती, त्या जागेस अग्निशमन दलाचा ना-हरकत दाखला नव्हता. शिकवणी ही आमच्या समाजात पुण्यकर्म मानली जाते आणि खेळ हे पाप. परंतु आगीने पुण्य पाहिले नाही की पाप पाहिले नाही. दोन्ही ठिकाणी माणसे मेली ती कोणी जिने, दारे आणि दाखले तपासले नाहीत म्हणून. ज्या नगरीतील पोलिसांना चहाच्या टपरीवर बसलेल्या मुलाच्या हातातला मोबाइल दिसला, त्या नगरीतील कोणत्याही अधिकाऱ्यास पत्र्याचे ते भले थोरले बांधकाम वेळेवर दिसले नाही. राक्षस शोधणाऱ्यांची नजर नेहमी अशीच चुकीच्या जागी लागते, कारण खऱ्या तपासणीस श्रम पडतात आणि राक्षस म्हणायला काही पडत नाही.

दुसरा आक्षेप हिंसेचा. मुले पडद्यावर दिवसभर माणसे मारतात, त्यांची मने कठोर होतील. हा आक्षेप गंभीर आहे आणि तो काढणाऱ्या आईबापांबद्दल मला आदर आहे. कॅलिफोर्निया राज्याने हिंसक खेळ मुलांना विकण्यास मनाई करणारा कायदा केला. तो २०११ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी रद्द केला. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती स्कालिया हे अत्यंत सनातनी विचारांचे. त्यांनी ग्रिम बंधूंच्या परीकथांचा दाखला दिला: तेथे चेटकीणीला भट्टीत भाजतात, सावत्र बहिणींचे डोळे कबुतरे टोचून काढतात, आणि त्या कथा आपण निजताना मुलांना सांगतो. मी तो निकाल वाचला तेव्हा मला आठवला आमच्या मूळ गावच्या देवळातला दशावतार. मध्यरात्र उलटल्यावर खांबाआडून नरसिंह येई, हिरण्यकश्यपूस मांडीवर घेई आणि लाल रंगाचे कापड त्याच्या पोटातून ओढून काढी. मी सहा वर्षांचा होतो आणि आजीच्या पदराआड दडलो होतो. आजीने माझे तोंड पुढे वळवून सांगितले, “बघ, देव आलो.” त्या दृश्याने मी हिंसक झालो नाही, वकील झालो. आता हा विनोद सोडला तरी एवढे खरे की, जो समाज रात्रभर जागून राक्षसवध पाहतो त्याने दोन वाजेपर्यंत जागणाऱ्या मुलास एवढेच म्हणावे की, बाबा, उद्या शाळा आहे. त्याहून मोठा आरोप ठेवण्यास पुरावा लागेल.

तिसरा आक्षेप देवस्थानाच्या दृष्टीने सर्वांत नाजूक: पडद्यावर देवांची विटंबना होते. २००९ साली हैदराबादच्या एका कंपनीने हनुमानाच्या बालपणावर खेळ काढला. तो भारतात पूर्णपणे तयार झालेला प्लेस्टेशनचा पहिला खेळ म्हणून गाजला. देवास खेळणाऱ्याने हातातल्या कळांनी नाचवावे, हे अनुचित, अशी तक्रार तेव्हा परदेशस्थ हिंदूंकडून झाली. तक्रारीमागची भावना मला कळते. पण सावंतवाडीची दशावतारी गंजिफा ज्यांनी पाहिली आहे त्यांनी क्षणभर विचार करावा. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा, अशी १२० गोल पाने. दिवसा डाव असेल तर रामाचा राजा ज्याच्याकडे तो उतारी करतो, रात्री असेल तर कृष्णाचा. म्हणजे आमच्या पूर्वजांनी देव हातात घेतला, पिसला, वाटला आणि चटईवर आपटला. त्यात त्यांना विटंबना दिसली नाही, सहवास दिसला. ज्ञानेश्वरांच्या नावाने सांगितला जाणारा मोक्षपट तर पापपुण्याचाच सापशिडीचा पट. कवड्या टाकीत टाकीत वैकुंठाला जायचे. खेळ आणि देव यांच्यात आमच्याकडे सोवळेओवळे कधीच नव्हते. ते आपण हल्ली शिकलो आहोत, आणि तेही बहुधा जे गंजिफा खेळले नाहीत त्यांच्याकडून.

पुण्यातील ‘नॉडिंग हेड्स’ या छोट्या संस्थेने २०२० साली ‘राजी’ नावाचा खेळ काढला. धाकट्या भावाला असुरांच्या तावडीतून सोडविण्यास निघालेली एक डोंबाऱ्याच्या खेळातली मुलगी, आणि तिची कथा सांगणारे कोण? दुर्गा आणि विष्णू. मधले प्रसंग छायाबाहुल्यांच्या रीतीने दाखविले आहेत. भिंतींवर पुराणातील कथांची चित्रे आहेत, त्यांच्यासमोर थांबावे तर देव त्या कथा सांगू लागतात. पैसे उभे करण्याचा संस्थेचा पहिला जाहीर प्रयत्न फसला होता. तरी खेळ पुरा झाला, आणि त्या वर्षीच्या जागतिक पुरस्कारांत पदार्पणाच्या उत्कृष्ट खेळांच्या नामावलीत त्याचे नाव आले. आमच्या समाजातल्या ज्या मुलीने २०२४ साली तो अर्ज लिहिला, तिला महिषासुराची कथा प्रथम या खेळात भेटली. प्रवचनात का भेटली नाही, याचे उत्तर तिने द्यावयाचे नसून प्रवचनांची वेळ ठरविणाऱ्यांनी द्यावयाचे आहे.

येथे मी स्वतःला साक्षीच्या पिंजऱ्यात उभे करतो. वय ४३, व्यवसाय वकिली, दोष कबूल. माझ्या लहानपणी घरोघर एक स्वस्त खेळयंत्र असे, त्यात ‘कॅसेट’ घालायची. वेष्टनावर हजारो खेळ लिहिलेले असायचे आणि आत उणेपुरे वीस-पंचवीस निघायचे. (ग्राहक म्हणून माझी पहिली फसवणूक ती, तक्रारनिवारण मंच तेव्हा माहीत नव्हता.) कॅसेट चालेनाशी झाली की काढायची आणि तिच्या तोंडात फुंकर मारायची. का, ते कोणास ठाऊक नव्हते. पण बारडोलीतही फुंकत आणि फोंड्यातही फुंकत. सुटीत मावशीकडे गेलो की मी आणि मावसभाऊ ‘कॉन्ट्रा’ खेळत असू. दोघांनी मिळून, एकाने दुसऱ्याची पाठ राखत. मावशी आता पंच्याहत्तर वर्षांची आहे. ती अजून येणाऱ्याजाणाऱ्याला माझ्याविषयी सांगते, “वकील जालो, पूण खेळ सुटूंक ना.”

ते खरे आहे, आणि त्याची मला लाज नाही. जपानच्या शू ताकुमी यांचा ‘एस ॲटर्नी’ नावाचा खेळ आहे, २००१ सालचा. त्यात तुम्ही बचावाचे वकील असता. साक्षीदार जबानी देतो. तुम्ही एकेक वाक्य उलटून पाहायचे, हाती असलेल्या पुराव्याशी ताडायचे, आणि विसंगती सापडली की बोट रोखून ‘हरकत’ म्हणून गर्जायचे. चुकीच्या जागी गर्जलात तर न्यायाधीश दंड करतात. त्या राज्यात खटला तीन दिवसांत संपलाच पाहिजे असा नियम आहे. आमच्याकडे तीन दिवसांत तारीख मिळाली तरी पेढे वाटावे लागतील. मी अनेक तरुण वकिलांना उलटतपासणीवरील जाड ग्रंथांबरोबर हा खेळही सुचवीत असतो. ग्रंथ वाचून ते मला धन्यवाद देतात. खेळ खेळून मला रात्री साडेअकराला फोन करतात, की साहेब, सापडले, तो साक्षीदार खोटे बोलत होता.

लुकास पोप यांचा ‘पेपर्स, प्लीज’ हा २०१३ चा खेळ मी काकांना दाखवावा असे फार दिवस मनात आहे. एका काल्पनिक हुकूमशाही देशाच्या सीमेवरचे तुम्ही कारकून. येणाऱ्याचे कागद तपासायचे, शिक्का मारायचा. जितके तपासाल तितका पगार. चुकलात तर कपात. पगार पुरला नाही तर घरी शेगडी पेटत नाही. समोर एक बाई उभी, तिचा नवरा आताच आत गेला, तिच्या कागदात एक परवाना कमी. आत सोडायचे की नाही? काकांनी १९६१ पूर्वी पोळे-माजाळीच्या सीमेवर पोर्तुगीज शिपायांपुढे ट्रंका उघडून उभे राहिलेली आपली आई पाहिली आहे. ती हकीकत त्यांच्या तोंडून ऐकताना आमचे डोळे पाणावतात. शिपायाच्या बाजूने ती हकीकत कशी दिसते, हे मला कोणत्याही कादंबरीपेक्षा या खेळाने अधिक लख्ख दाखविले, कारण येथे शिक्का माझ्या हातात होता.

या मुलांना लोक ‘गीक’ म्हणतात, आणि त्या शब्दात थोडी टवाळी असते. मराठीत नादिष्ट म्हणा, छांदिष्ट म्हणा. एका खेळाच्या सात आवृत्त्यांतील फरक तोंडपाठ असणारा, पात्रांची वंशावळ सांगणारा, त्यांचे पोशाख स्वतः शिवून मिरविणारा हा प्राणी आम्हांला परका का वाटावा? बालगंधर्वांनी कोणत्या गावी कोणत्या पदास किती ‘वन्समोअर’ घेतले हे सांगणारे वृद्ध आपल्या ओसरीवर नव्हते काय? मास्टर दीनानाथांची तान अमुक ध्वनिमुद्रिकेत कशी आणि तमुक मैफलीत कशी, यावर भावाभावांत अबोला धरलेली घरे मी पाहिली आहेत. नाद तोच आहे. पूर्वी त्याला रसिकता म्हणत, कारण तो नाद वडिलांचा होता.

माझ्या पक्षात सारे संतच आहेत असे मात्र मी म्हणणार नाही. कानाला यंत्र लावून अनोळखी मुलींना शिवीगाळ करणारी टोळकी याच नादिष्टांत आहेत. २०१४ साली पाश्चात्त्य देशांत ‘गेमरगेट’ या नावाखाली खेळ रचणाऱ्या व त्यांवर लिहिणाऱ्या स्त्रियांचा जो छळ झाला तो लज्जास्पद होता. आमच्याकडेही मुलीचा आवाज ऐकताच डावात काय बोलले जाते ते मी ऐकले आहे, आणि ती मुले परक्या घरची नव्हती. दुसरे, व्यसन. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये खेळाच्या विकारास रोगांच्या सूचीत स्थान दिले. पण त्याची लक्षणेही नेमून दिली: खेळण्यावरचा ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टी मागे पडणे, नुकसान दिसत असूनही थांबता न येणे, आणि हे साधारणतः बारा महिने चालणे. दोन तास खेळणारा मुलगा या व्याख्येत बसत नाही. तो वैद्याकडे नेण्याचा विषय नसून मैदानाकडे नेण्याचा आहे. आणि मैदान कोठे आहे? ऊसतोडीच्या हंगामात खानदेशातून येणाऱ्या मजुरांच्या पालांपाशी संध्याकाळी मी मुले पाहतो, एका मोबाइलभोवती पाच डोकी. त्यांना मैदान कोणी दिले नाही, शाळा अर्ध्यावर सुटली, त्या चौकोनी काचेत काय ते अंगण. त्यांच्या हातातून ती काच काढून घेण्याचा सल्ला देणाऱ्याने आधी चेंडू द्यावा.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि येथे काका व मी एकाच बाजूस आहोत. काही खेळांत आत एक बंद पेटी विकतात. पैसे द्या, उघडा, काय निघेल ते तुमचे नशीब. बेल्जियमने २०१८ साली त्यास जुगार ठरविले, आणि मला ते ठरविणे बरोबर वाटते. पैशाच्या ऑनलाइन खेळांत ४५ कोटी लोक सापडले व वर्षाला २०,००० कोटी रुपये बुडतात, असा सरकारी अंदाज २०२५ चे विधेयक येताना सांगण्यात आला. आकडा कमीअधिक असेल. माझ्याकडे आलेली दोन कुटुंबे त्यात आहेत, एवढे मला पुरते. चीनने २०२१ मध्ये मुलांना आठवड्यास तीनच तास खेळण्याचा हुकूम काढला. दक्षिण कोरियाने २०११ पासून सोळा वर्षांखालील मुलांस मध्यरात्रीनंतर खेळबंदी केली होती. दहा वर्षे राबवून ती काढून टाकण्याचे २०२१ मध्ये ठरविले. रात्रीचा पहारा सरकारने करावयाचा की घराने, याचे उत्तर कोरियाने दहा वर्षांत शोधले. आमच्याकडे ते एका टाळीत सापडते.

या वर्षीच्या उत्सवासाठी अर्ज पुन्हा दिला आहे. वेळ दुपारी चार ते सात, आरतीच्या आधी संपेल असा. संच दोन, खेळ चार, त्यांत एक ‘राजी’. प्रवेशमूल्य नाही, पण नाही, जाहिरात नाही. मुलींचे स्वतंत्र नव्हे, एकत्र सामने. शिवी दिल्यास त्या दिवसापुरते बाहेर. बाजूच्या ओटीवर गंजिफा आणि सारीपाट मांडून ठेवण्याची जबाबदारी मी घेतली आहे, आणि ते शिकविण्यास काकांनी बसावे अशी विनंती अर्जात नावानिशी केली आहे. सोबत २०२५ च्या अधिनियमाची प्रत जोडली असून, संबंधित व्याख्यांखाली पेन्सिलीने रेघा मारल्या आहेत. चिटणीसांनी पोच दिली. निर्णय पुढच्या सभेत व्हावयाचा आहे.